दिब्बाची सावड: मिनाहासा माणसांबरोबर एक शनिवार-रविवार

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटणारी माणसं ‘मग, वीकएंडचा काय प्लॅन?’ असं विचारतात आणि उत्तर मिळायच्या आत त्यांचा मजला येतो. मला हल्ली ते बरंच वाटतं, कारण माझ्याकडे उत्तर नसतं. शनिवारी वॉशिंग मशीन लावायचं, रविवारी कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि मधल्या वेळात एसीचा आवाज ऐकायचा, याला प्लॅन म्हणता येत असेल तर माझा वीकएंड भरगच्च असतो.

मी शारजाच्या अल नहदात राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि त्यात मी एकटा. मानसी, म्हणजे माझी बायको, आणि मुलगी इरा पुण्याला गेल्या त्याला आता बराच काळ झाला. आधी मानसीच्या आईचं ऑपरेशन निघालं, मग इराला तिथंच कॉलेज मिळालं, मग मानसीला चांगली नोकरी लागली. भांडणतंटा काही नाही, रोज व्हिडिओ कॉल होतो. पण त्या आता परत येणार नाहीत हे आम्हा तिघांनाही कळलेलं होतं आणि तिघांपैकी कुणीही ते बोलून दाखवत नव्हतं. फ्लॅटचा करार महिनाअखेरीला संपणार होता. आमचा नातूर, इथं रखवालदाराला नातूर म्हणतात, रोज खाली अडवायचा. “साब, रिन्यू करेगा या खाली करेगा?” मी रोज “इन्शाल्ला, बताता हूँ” म्हणून सटकायचो. फ्लॅट सोडणं म्हणजे त्या येणार नाहीत हे कबूल करणं. ते जमत नव्हतं म्हणून एक माणूस तीन माणसांच्या घरात राहत होता आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होता.

तेवढ्यात मेइस्केनं विचारलं, शनिवारी दिब्बाला येतोस का.

मेइस्के माझ्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. हमरिया फ्री झोनमध्ये आमची पाइप बनवणारी कंपनी आहे, तिथं मी खरेदी विभागात. ही बाई तिशीची, गोल चेहऱ्याची, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाची. तिथल्या डोंगराळ मुलखात लवंगा आणि नारळ पिकतात, आणि तिथं राहणारे ते मिनाहासा. आपल्याकडे म्हणी ऐकायच्या तर सत्तरीच्या पुढची बाई गाठावी लागते. मेइस्केच्या तोंडात त्या जेवणातल्या मिठासारख्या असतात. वयानं मोठ्या किंवा मानाच्या पुरुषाला ती ‘ओम’ म्हणते. ओम म्हणजे त्यांच्याकडे काका. मी तिचा ओम सुधीर.

तिला खरं तर माझी गाडी हवी होती आणि ते तिनं लपवलंही नाही. शिडी होती, रंगाचे डबे होते, आणि माझ्याकडे मागची सीट पाडता येणारी जुनी मोठी गाडी आहे. दिब्बाजवळच्या एका शेतावर त्यांचा मापालुस होता. मापालुस म्हणजे काय, तर आज सगळ्यांनी मिळून एकाचं काम करायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. मजुरी नाही, हिशेब नाही, फक्त फिरता दिवस. गावाकडे शेतात चालायचं तेच इथं नर्सेस, स्वयंपाकी, बोटीवरचे खलाशी महिन्यातून एकदा करतात. कुणाचं सामान हलवायचं असतं, कुणाच्या घरी बाळंतिणीसाठी स्वयंपाक करायचा असतो.

मी म्हटलं, अगं, ही तर आमची सावड. माझे वडील भोरकडचे. भातलावणीला सगळी वाडी आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, असं ते सांगायचे. मी स्वतः मात्र सावड फक्त ऐकलेली. सावडीला कधी कुणी माझ्याकडे आलं नव्हतं आणि मीही कुणाकडे गेलो नव्हतो. शनिवारच्या वॉशिंग मशीनपेक्षा हे बरं, एवढाच विचार करून मी हो म्हटलं.

शनिवार: शारजा ते दिब्बा

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी लवकर निघा. शारजाहून धैदमार्गे मसाफीचा जुना रस्ता धरलात तर सालिक, म्हणजे टोल, लागत नाही आणि वाटेत बघायला बरंच मिळतं. धैदपर्यंत दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, पुढे हळूहळू खडकाळ काळे डोंगर. कॅमेरे भरपूर आहेत, पाय आवरा. उंट मध्ये येतात आणि त्यांना घाई नसते. दिब्बापर्यंत रमतगमत दोन तास धरा. जाऊन-येऊन पेट्रोल सत्तरेक दिरहमचं, म्हणजे सोळाशे रुपये. धैदच्या बाहेर टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न दिला की करक चहा गाडीपाशी येतो. दोन दिरहमला कप, म्हणजे पंचेचाळीस रुपयांचा चहा. वीस-बावीस वर्षं इथं काढून अजून मी मनातल्या मनात रुपये करतो.

मेइस्के वाटेत बोलत होती आणि मी बऱ्याच दिवसांनी गाडीत रेडिओ न लावता चालवत होतो. तिच्या गावाजवळ मनाडो नावाचं शहर आहे. तिथली माणसं नटण्यामुरडण्यात पटाईत. त्यांची एक म्हण आहे: बियार काला नासी, आसाल जांग काला आक्सी. भातात हरलो तरी चालेल, पण रुबाबात हरायचं नाही. मी लगेच तिला ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ समजावून सांगितली. ती खूप हसली आणि मग म्हणाली की तुमची म्हण रागावते, आमची मिरवते. खरंच आहे, आपल्या निम्म्या म्हणी कुणाचा तरी कान धरलेल्या असतात.

मसाफीच्या अलीकडे शुक्रवार बाजार लागतो. नाव शुक्रवारचं, पण भरतो रोज. गालिचे, मातीची भांडी, कुंड्यांतली रोपं, भाजलेली कणसं आणि फळांच्या राशी. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा, लाजू नका. मी एका गाळ्यावर पेरू उचलून हुंगत होतो तर विक्रेता म्हणाला, “मराठी ना तुम्ही?” तो खेडचा निघाला. कसं ओळखलं म्हणून विचारलं तर म्हणाला की पेरूचा वास घेतल्यावर असं नाक मुरडणारे आपलेच. त्यानं चांगले पेरू निवडून दिले आणि गाडीकडे बघत सहज विचारलं, “वहिनी नाय आल्या?”

“सुट्टीला गेल्यात पुण्याला,” मी म्हटलं.

शेजारी उभ्या मेइस्केला मराठी येत नाही, पण पुणे हा शब्द कळतो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पेरूंची पिशवी उचलली. मला उगाच तिचा राग आला. पुढच्या घाटात मी रेडिओ लावला.

दिब्बा गावाचे तीन तुकडे आहेत. एक शारजाचा, एक फुजैराचा आणि एक थेट ओमानचा. मागे काळेकभिन्न डोंगर, पुढे शांत समुद्र. आमचं शेत फुजैराच्या बाजूला, वाळलेल्या ओढ्याच्या काठी होतं. खजुराची झाडं, लिंबं, थोडी मेथीसारखी दिसणारी जनावरांची वैरण, आणि कोपऱ्यात दोन खोल्यांचं बैठं घर. त्या घरात राखणदार नोल्डी राहतो. साठीला टेकलेला, काटक, हाताच्या शिरा वर आलेल्या. आधी मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता, मग मालकानं त्याला या शेतावर ठेवून घेतलं. आजचा दिवस त्याचा होता.

त्याचं काम काय, तर या दोन खोल्या माणसात आणायच्या. त्याची बायको डेसी येणार होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच इथं येत होती. मालकानं व्हिसा करून दिला होता. नोल्डी हे सांगताना हसत नव्हता, फार गंभीर होता. खोलीत एक पत्र्याचं कपाट, एक पलंग, धुरानं काळ्या पडलेल्या भिंती. एवढ्या वर्षांत त्याला त्या काळ्या दिसल्या नव्हत्या, आता दिसायला लागल्या होत्या.

आम्ही डझनभर माणसं असू. बायकांनी स्वयंपाकघर घेतलं, दोघं छपराच्या झावळ्या बांधायला वर चढले, मला पलंगासमोरची भिंत मिळाली. रंग फिकट पिवळा. डेसीनं फोनवरून निवडलेला. काम वाटून देणारा म्होरक्या त्या दिवशी नोल्डीच होता. त्याच्या आजोबांच्या वेळी म्होरक्याच्या हातात चाबूक असायचा म्हणे, कामचुकाराच्या पाठीत घालायला. पण चाबूक हातात घेण्याआधी म्होरक्याला स्वतः गावातल्या सगळ्यांत दांडग्या माणसाकडून एक फटका खावा लागायचा. हे ऐकल्यावर मला आमच्या ऑफिसातल्या काही मंडळींची आठवण झाली आणि दुपार मजेत गेली.

मी आयुष्यात स्वतःच्या घराची भिंत रंगवलेली नाही. आधी घासपट्टीनं काजळी काढली, मग पांढरा हात, तो वाळल्यावर पिवळा. खांदे भरून आले. मध्येच एकदा मागे सरून बघितलं. भिंत छान दिसत होती. ही भिंत बघत एक बाई सकाळी जागी होईल, असं मनात आलं. माझ्या घरात माझ्या बायकोनं निवडलेला रंग आहे आणि तो बघायला बायको नाही. दुसऱ्याच्या बायकोसाठी भिंत रंगवताना माणसाला रडू येऊ नये. मी डबा ढवळत बसलो.

सूर्य डोंगराआड गेल्यावर बाहेर चटया अंथरल्या. तिनुतुआन म्हणून त्यांची पेज असते. तांदूळ, मका, लाल भोपळा आणि भरपूर पालेभाजी एकत्र शिजवलेली. आपल्या कण्यांच्या जवळची, शाकाहारी मंडळींनी बिनधास्त खावी. सोबत भाजलेला मासा आणि दाबू-दाबू. दाबू-दाबू म्हणजे चिरलेला टोमॅटो, कांदा, मिरच्या, लिंबू आणि वरून कडकडीत तेल. कोल्हापूरकरांनीही जपून घ्यावा. मासे सकाळीच दिब्बा अल हिस्नच्या मासळी बाजारातून आणलेले. तिथं ताजा मासा घेऊन शेजारी साफ करून मिळतो.

जेवणाआधी सगळ्यांनी हात धरून प्रार्थना केली. मग नोल्डी उभा राहिला. एकेकाचं नाव घेऊन कुणी काय केलं ते सांगितलं. हे त्यांच्यात करायचंच असतं. मग म्हणाला, सी तोऊ तिमोऊ तुमोऊ तोऊ. मेइस्केनं मला सांगितलं: माणूस जगतो तो दुसऱ्याला माणूस म्हणून उभं करायला. सगळे त्याच्यामागून तेच म्हणाले. मग तो माझ्याकडे वळला. इंग्रजीत, सावकाश बोलला.

“ओम सुधीर, आज तू काम केलंस. तुझा दिवस कधी? तुझं काम काय?”

सगळे माझ्याकडे बघत होते. नवीन माणसाचा दिवस ठरवायचा म्हणजे त्याला आत घ्यायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या तोंडून आपलं नेहमीचं गेलं.

“छे, छे. माझं काही काम नाही. मला काही नको. मी आनंदानं केलं.”

वर हातही हलवला, पंगतीत वाढणाऱ्याला थांबवतात तसा. इंग्रजीतलं माझं बोलणं मेइस्केनं बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. नोल्डीनं मान हलवली, खाली बसला आणि ताट पुढे ओढलं. छपरावर चढलेल्यांपैकी एकानं पुढचा दिवस मागून घेतला, त्याचं रास अल खैमाला काहीतरी होतं. जेवण झालं, गिटार वाजली, मला दोनदा मासा वाढला. तरी मला वाटत होतं की कुठूनतरी थंडी येतेय.

रविवार: दिब्बा आणि परत

पुरुष मंडळी मालकाच्या बैठकीच्या खोलीत गाद्या टाकून झोपली होती. ज्यांना असं राहायचं नाही त्यांना दिब्बात दोनशे दिरहमपासून खोल्या मिळतात, म्हणजे साडेचार हजाराच्या आसपास. सकाळी चहा शोधत मी नोल्डीच्या घराकडे गेलो. तो आत एकटाच होता. पलंग सरकवलेला, हातात रोलर. मी रंगवलेल्या भिंतीवर तो पुन्हा तोच पिवळा रंग मारत होता.

मला वाटलं, माझ्या कामात काही राहिलं. ओळी दिसत असतील. मी विचारलं, “चांगली झाली नव्हती का?”

“चांगली झाली होती.”

“मग?”

त्यानं रोलर डब्यात टेकवला. “डेसी या भिंतीकडे बघत झोपणार. ती विचारेल, कुणी रंगवली? मी काय सांगू? ज्याला आमच्यापैकी कुणाचीच गरज नाही, अशा माणसानं?”

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी बाहेर पडलो आणि गाडी घेऊन थेट समुद्रावर गेलो.

दिब्बाची किनारपट्टी चालायला सुरेख आहे. पाणी काचेसारखं, गर्दी नाही, बाकं आहेत. मी एका बाकावर बसून संतापत होतो. काय ही माणसं! आपण आपल्या गाडीनं आपल्या पेट्रोलनं यायचं, खांदे मोडेपर्यंत राबायचं, वर काही मागायचं नाही, आणि हा गृहस्थ माझी भिंत पुसतो. एक कुटुंब शेजारून गेलं. बाप पुढं, आई मागं, मुलं पाण्यात. मला फोन करावासा वाटला, पण पुण्यात कुणाला काय सांगणार? मी एक भिंत रंगवली आणि ती दुसऱ्यानं परत रंगवली?

मेइस्के कुणाच्या तरी गाडीतून मला शोधत आली. दोन करक घेऊन बाकावर बसली. ती जे म्हणाली ते असं होतं की मी नोल्डीला हात दिला आणि त्याचा हात घेतला नाही. मापालुसमध्ये आपला दिवस न घेणारा माणूस म्हणजे वरून दान टाकणारा, आणि मग घेणारा कोण उरतो ते मीच समजावं. दुसऱ्याला माणूस म्हणून उभं करायचं तर त्यालाही तुला उभं करू द्यावं लागतं, ओम, म्हणाली. ती म्हण दोन्ही बाजूंनी चालते.

मी तिला म्हटलं की आमच्याकडे कुणाचं मिंधं राहू नये असं शिकवतात. मिंधं हा शब्द इंग्रजीत सांगताना माझी पुरेवाट झाली. मग तिनं सरळ विचारलं, खरंच तुझं काहीच काम नव्हतं का?

तेव्हा मला काय घोटाळा झालाय ते कळलं. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. पाहुणा नको म्हणतो, यजमान आग्रह करतो, पाहुणा परत नको म्हणतो, यजमान ताटात पोळी टाकतोच, आणि मग पाहुणा ती खातो. काल रात्री मी नको म्हटलं आणि मनात कुठंतरी वाट बघत होतो की हे लोक आणखी एकदा विचारतील. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं. त्यांनी एकदाच विचारलं. त्यांच्यात विचारलेल्याचं उत्तर देतात आणि दिलेलं उत्तर खरं मानतात. असा आग्रहाची वाट बघत बसलेला माणूस मी किती वर्षांपासून आहे, आणि अशी किती माणसं मला एकदा विचारून निघून गेली असतील, हा विचार त्या बाकावर बसून मला सोसवेना.

आम्ही शेतावर परत गेलो. भिंत ओली होती. निघताना नोल्डीनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, पाकातुआन वो पाकालाविरेन. म्हातारा हो आणि धडधाकट राहा, असा त्यांचा आशीर्वाद. निघणाऱ्या प्रत्येकाला तो तेच म्हणत होता. मलाही त्याच आवाजात म्हणाला, कमी नाही, जास्त नाही. म्हणायचं होतं ते माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मागे लोक उभे होते, गाड्या सुरू झाल्या होत्या आणि मी ‘थँक यू’ म्हटलं.

परतीला धैदच्या पुढं वारा सुटला आणि वाळू रस्त्यावर येत होती. अशा वेळी वेग कमी ठेवा. मेइस्के झोपली होती.

अल नहदा

घरी आलो, दिवे लावले. खालच्या मजल्यावर नातूर नव्हता म्हणून वाचलो. मानसीचा कॉल आला तेव्हा मी तिला दिब्बाचे फोटो दाखवले. ती म्हणाली, छान आहे रे, रंग कसा मारलास तू? आणि मग मी, कधी नव्हे ते, सरळ विचारलं.

“फ्लॅट रिन्यू करू का?”

तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. मग म्हणाली, “तुला काय वाटतं?” मागून इरानं डोकं घातलं. तिला वाटलं आम्ही भाड्याबद्दल बोलतोय. “बाबा, गेट अ स्टुडिओ ना. इट्स टू बिग फॉर वन पर्सन.”

वन पर्सन. पोरीनं ते इतकं सहज म्हटलं, आणि त्यात काही चूकही नव्हतं. मानसी तिला दटावणार होती, मी हातानंच थांबवलं. हो, मी म्हटलं, मोठंच आहे. मग आम्ही तिघं थोडा वेळ दुसरंच काहीतरी बोललो. फोन ठेवल्यावर मी इराच्या खोलीत जाऊन तिच्या रिकाम्या टेबलापाशी बसलो. एकटेपणाबद्दल लोक पुष्कळ काय काय लिहितात. मला एवढंच कळलं की तो मी भाड्यानं ठेवला होता, दरवर्षी करार करून.

मग मेइस्केला फोन केला. म्हटलं, मला माझा दिवस हवाय. काम आहे. घर हलवायचंय, अल नहदाहून दुबईतल्या करामाला. कारण विचारलं तर काय सांगायचं याची मी तयारी ठेवली होती. तिनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, “कधी?” मी तारीख सांगितली. रास अल खैमावाल्यानं त्याचा दिवस पुढं ढकलला, हे मला नंतर समजलं.

करामा

हे लिहितोय ते करामातून. जुनी बुटकी इमारत आहे, लिफ्ट नाही, खाली इडलीवाला आणि शिंपी. मेट्रो जवळ, त्यामुळे दुबईत फिरायला सोयीचं. हमरिया मात्र आता लांब पडलंय आणि रोजच्या ट्रॅफिकबद्दल मी काही चांगलं सांगू शकत नाही. घर हलवणाऱ्यांसाठी सूचना: इमारतीची परवानगी आधी काढा, वीज-पाण्याचा शेवटचा हिशेब आठवडाभर आधी मागा, आणि सोफा विकायचा असेल तर माया करू नका.

दिब्बाच्या सहलीतून काय राहिलं, असं कुणी विचारलं तर खांद्याचं दुखणं पंधरा दिवस राहिलं. म्हणी राहिल्या, त्यातल्या दोन मला पाठ आहेत आणि मेइस्के माझे उच्चार ऐकून तोंड फिरवते. एकटेपणा गेला का? नाही. संध्याकाळी कुलूप उघडतो तेव्हा तो घरात असतोच. रास अल खैमाला मात्र माझी गाडी लागणार आहे, आणि गाडीबरोबर मीही.

घर हलवायच्या दिवशी ते सगळे आले. नोल्डी पहाटेच निघून दिब्बाहून आला होता आणि डेसीला घेऊन आला होता. ठेंगणी बाई, केस पिकलेले, तिच्या भाषेशिवाय दुसरी भाषा येत नाही. भिंतीबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. सामान दुपारपर्यंत करामाच्या दारात आलं. शेवटी राहिलं बेडरूममधलं मोठं कपाट. ते मी आणि नोल्डीनं धरलं, मी वर, तो खाली, आणि अरुंद जिन्यानं चढवायला लागलो. डेसी उशा घेऊन मागून येत होती. अर्ध्या जिन्यात तिनं त्याला काहीतरी विचारलं.

नोल्डी धापा टाकत म्हणाला, “डेसी विचारतेय, खोली एवढी लहान. तुझी बायको आल्यावर तिचे कपडे मावतील का?”

सुट्टीला गेलीय, हे वाक्य तोंडात तयारच होतं.

“ती येणार नाही,” मी म्हटलं. “त्या दोघी आता तिकडेच राहणार. म्हणून लहान घर घेतलं.”

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो, आणि ते परक्या भाषेत, परक्या माणसाला, हातात कपाट धरून. कपाटाची कड माझ्या हातातून सुटायला लागली. नोल्डीनं कपाट पायरीवर टेकवलं आणि मागे वळून डेसीला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं उशा तिथंच जिन्यात ठेवल्या, भिंतीला चिकटून वर माझ्यापर्यंत आली आणि माझ्या शेजारी उभी राहून कपाटाची कड धरली.

“यल्ला, चल, ओम,” नोल्डी खालून म्हणाला, आणि आम्ही तिघांनी ते उचललं.